गप्प बसण्याची मुभा

विमलताई मुळे यांना काळजी करायला कारण लागत नसे. मिळालं तर बरंच, नाही मिळालं तर त्या आपलं आपण शोधून काढत. भाचीचा फोन आला नाही म्हणून काळजी, आला तर असा अवेळी का आला म्हणून काळजी. त्यांचे यजमान गोविंदराव म्हणत, "हिला एखाद्या दिवशी काहीच परेशानी नसली, तर ही त्यानंच परेशान होईल." ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्म काढलेल्या माणसाच्या मराठीत परेशानीला दुसरा शब्द नसतो, आणि मुळ्यांच्या घरात तर तो शब्द दिवसातून दहा वेळा पानात वाढला जाई.

पण हीच बाई शाळेत गेली की गार पाण्यासारखी शांत. इंदरगंजच्या चौकामागे एका जुन्या बंगल्यात त्यांची शाळा भरे. पाटीवर नाव काहीही असलं तरी रिक्षावाले तिला 'गोलवाला स्कूल' म्हणूनच ओळखत. घंटा नाही, बाकं नाहीत, परीक्षा नाही. बेरीज-वजाबाकी भाजीबाजारात, विज्ञान मातकामाच्या खोलीत, भाषा कडुनिंबाखाली. घरी निव्वळ हिंदी बोलणारी मुलंसुद्धा तिथे बाईंना मॅडम न म्हणता ताई म्हणत. आणि रोज सकाळी सगळी मुलं जमिनीवर गोल करून बसत. ज्याची पाळी येईल त्यानं आपल्या मनातलं एक काहीतरी सांगायचं.

गोलाचे नियम दोनच होते. गोलात खोटं बोलायचं नाही. आणि बोलायचंच नसेल, तर आपल्यासमोरचा दगड फरशीवर एकदा वाजवायचा. दगड वाजला की विषय संपला. त्या मुलाला कोणी काही विचारायचं नाही, ताईंनीही नाही.

हा दगड विमलताईंच्या डोक्यातून निघालेला. त्या वाढल्या माधवगंजात, तीन काका, दोन आत्या आणि त्यांच्या चौकश्यांच्या गराड्यात. का गं रडतेस, का गं हसतेस, का गं गप्प आहेस? उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही, आणि उत्तर दिलं की त्यावर आणखी चार प्रश्न. लहानपणी मार खाल्ल्याचं त्यांना आठवत नसे, पण ही उलटतपासणी हाडात बसली होती. म्हणून शाळेत त्यांनी मुलांना गप्प बसण्याची मुभा मिळवून दिली. मुलं किल्ल्याच्या पायथ्याशी सहलीला जात आणि आपापला दगड निवडून आणत. भोपाळहून, दिल्लीहून लोक शाळा बघायला आले, की विमलताई पदर सावरून त्यांना या दगडांविषयी सांगत. अभिमान होता त्यांना, आणि तो का नसावा?

मग मार्च महिन्यात साथ आली आणि सगळंच कुलूपबंद झालं.

बाकीच्या शाळांचं सोपं होतं. पुस्तकाचं पान उघडा, फोटो काढा, ग्रुपवर टाका. या शाळेनं काय टाकायचं? कडुनिंब? शाळेच्या मुख्य ताई प्रांजली, वयानं तिशीच्या आणि उत्साहानं त्याहून लहान, त्यांनी ठरवलं की आपण स्वयंपाकघरालाच शाळा करू. मुलांनी कणीक मळून मोजमाप शिकावं, गच्चीवर सावली मापावी. आणि गोल मात्र चुकवायचा नाही. तो फोनवर भरवायचा. त्यासाठी जूनमध्ये दोघी तोंडाला फडकी बांधून घरोघर हिंडल्या आणि प्रत्येक मुलाचा दगड कापडी पिशवीत घालून दारातून देऊन आल्या.

माधवगंजातल्या शितोळ्यांच्या दारात पिशवी घ्यायला सदाशिवराव आले. मुरारच्या छावणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा अजून हजेरीवर. त्यांनी पिशवीत हात घातला आणि दगड बाहेर काढून उन्हात फिरवून पाहिला.

"लोकांच्या पोरांना घरी किताबं येतात," ते म्हणाले, "आणि आमच्या पोरीला पत्थर!"

त्यांच्या मागून त्यांची नात अवंतिका धावत आली, नऊ वर्षांची. तिनं आबांच्या हातून दगड हिसकून घेतला आणि गालाला लावला. "माझा आहे तो! ताई, याला मी खूप मिस केलं!" ती दारात उभी राहून इतकं बोलली, की प्रांजलीताईंना शेवटी घड्याळ दाखवावं लागलं. त्या मुलीच्या तोंडाला तशी उसंतच नसे. गोलात तिची पाळी आली की बाकीची मुलं मांडी बदलून नीट बसून घेत.

विमलताई घरी आल्या त्या थेट न्हाणीघरात. कारण गोविंदरावांचं हृदयाचं मोठं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यात मधुमेह. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की यांना हा आजार परवडणार नाही. त्या दिवसानंतर विमलताईंनी उंबरा ओलांडला नाही. दुधाची पिशवी साबणानं धुतली जाई, भाजी सोड्याच्या पाण्यात डुंबे, आणि पेपर उन्हात पडून शिळा झाल्यावर घरात येई. काळजीला अखेर कारण मिळालं होतं, तेही चांगलं दणदणीत.

फोनवरचा गोल सुरू झाला. पोळ्यांच्या डब्याला फोन टेकवून विमलताई समोर बसत. पहिले काही दिवस त्यांचं कपाळच तेवढं मुलांना दिसे. हळूहळू जमलं. पण नेट फार नाही, म्हणून बहुतेक मुलं कॅमेरा बंद ठेवत, आणि मग समोर उरत ते काळे चौकोन, खाली नाव. शाळेत दगड वाजवून गप्प बसलेलं मूल समोर दिसे. ओठ थरथरतोय का, नखं खातंय का, डबा उघडलाय का, हे न विचारता कळे. काळ्या चौकोनातून काय कळणार? विमलताईंना हे पहिल्याच आठवड्यात खुपलं होतं. पण मुलं बोलत होती, हसत होती, कोणाच्या तरी घरची मांजर मध्येच म्याव करत होती. त्यांनी ते खुपणं बाजूला ठेवलं.

सप्टेंबर आला. घरचे गणपती येऊन गेले, कोणी कोणाकडे आरतीला गेलं नाही. शहरात आजार आता गल्लीगल्लीत शिरला होता. आणि एका सकाळी गोलात अवंतिकाची पाळी आली, तेव्हा काळ्या चौकोनातून शब्द आला नाही. टक्. दगड वाजला.

"छान," विमलताई म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशीही दगडच. पण या वेळी टक् टक्, असं दोनदा ऐकू आलं. अवंतिका आणि दोन दिवस गप्प? विचारावं का? पण नियम आपणच केलेला. पाहुण्यांसमोर ज्याचे गोडवे गायले, तो आपल्यालाच जाच वाटायला लागला म्हणून मोडायचा? त्यांनी गोविंदरावांना विचारलं, "अहो, आवाज दोनदा का येतो?"

"नेटवर्क," गोविंदराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "आवाज घुमून परत येतो. माझाही येतो ना भोपाळला बोलताना."

तिसऱ्या दिवशी टक् टक् टक्. आज नेट फारच खराब आहे, असं विमलताईंनी स्वतःला सांगितलं. पण त्याच सकाळी बाकीच्या मुलांचा आवाज स्वच्छ येत होता, हे त्यांच्या कानांनी टिपलं होतं. कानांनी टिपलं आणि मनानं नाकारलं. त्यांनी शाळेकडे होता त्या एका नंबरवर, म्हणजे ज्या फोनवर अवंतिका गोलात येई त्याच फोनवर, निरोप पाठवला. उत्तर आलं, 'सब ठीक है।' पूर्णविरामासकट. सदाशिवरावांची ती शिस्त विमलताईंनी ओळखली.

त्यांनी प्रांजलीताईंना फोन लावला. "मी तिला सरळ विचारू का गं?"

"ताई, नियम तुमचाच आहे," प्रांजली म्हणाली. "सगळी मुलं कंटाळलीत. तीही कंटाळली असेल. आपण मागे लागलो, तर गोलात यायचीच बंद होईल."

बोलणं खोटं नव्हतं. विमलताईंनी फोन ठेवला आणि डाळ निवडायला घेतली, आधीच निवडलेली. आणखी काही दिवस तसेच गेले. रोज दगड वाजे, रोज विमलताई "छान" म्हणत, आणि रोज त्यांना तो शब्द खोटा वाटे.

मग ती सकाळ आली. अवंतिकाचा चौकोन होता, पण पाळी आली तेव्हा दगडही वाजला नाही. माइक चालू होता. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग आणखी एक, मग आणखी. कोणी गॅस बंद करत नव्हतं.

"अवंतिका?" विमलताई म्हणाल्या. "अगं, कुकर बघ."

शिट्ट्या होत राहिल्या. मग लांबून, बहुधा दुसऱ्या खोलीतून, "आबा! आबा!" अशी हाक आली आणि चौकोन नाहीसा झाला. फोन बंद.

गोल प्रांजलीवर सोपवून विमलताई उठल्या. दाराशी येऊन चपला पायात घातल्या आणि तिथेच थबकल्या. त्या घरात आजार असणार, हे आता सांगायला कोणी नको होतं. गोविंदराव खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं.

"कोणाला तरी फोन कर," ते म्हणाले. "तू कशाला? माझा विचार केलास का?"

"महिनोन्महिने दुसरा विचारच केला नाही हो मी."

गोविंदरावांचा चेहरा उतरला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काळजी करण्यात ते बायकोच्या पुढे गेले होते.

"मी परत आले तरी घरात नाही येणार," विमलताई म्हणाल्या. "शाळेत राहीन. शाळेची किल्ली द्या, आणि दोन साड्या नंतर जिन्यात ठेवा."

किल्ली देताना गोविंदरावांनी बायकोचा हात क्षणभर धरला. "मास्क दोन लाव," ते म्हणाले.

इंदरगंजातल्या घरून माधवगंजात चालत जायला कितीसा वेळ लागतो! पण त्या दिवशी वाट सरेना. दुकानं अर्धी बंद, चौकात माणसं लांब लांब उभी. चालताना विमलताई मनातल्या मनात देवाला एकच सांगत होत्या की मुलगी नीट असू दे, बाकी मला काय शिक्षा करायची ती कर.

शितोळ्यांच्या दाराला आतून कडी होती. समोरच्या ओट्यावरून एक बाई ओरडली, "वो लोग तो शिवपुरी गए हैं! बस दादाजी और बच्ची हैं." आणि पदर नाकाला लावून आत गेली. वरच्या खिडकीतून जळक्या खिचडीचा वास येत होता. विमलताईंनी हाक मारली. खिडकीच्या गजांमागे अवंतिकाचा चेहरा आला. केस विंचरलेले नाहीत, डोळे खोल गेलेले.

"दार उघड, बाळा."

"आबांनी मना केलंय."

"आबा कुठेत? बरे आहेत ना?"

मुलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिनं हात वर केला. हातात दगड होता. तिनं तो खिडकीच्या कठड्यावर आपटला. टक्. टक्. टक्.

विमलताई गल्लीत उभ्या राहून ऐकत होत्या. इथे फोन नव्हता, नेटवर्क नव्हतं, घुमून परत यायला काही नव्हतं. पोरगी तीन वेळा वाजवत होती. पहिल्यापासून तीच वाजवत होती.

भिंतीला हात टेकून त्या म्हणाल्या, "अवंतिका, मी विचारते आहे. दगड ठेव खाली. काय झालंय ते मला सांग."

"पण नियम..."

"राहू दे नियम. मी विचारते आहे ना? सांग."

बांध फुटला. "आई-बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. आधी बाबा, मग आई. शिवपुरीला नाही गेले, ते आबांनी सगळ्यांना झूठ सांगितलं. आणि आबांना पण बुखार आहे, पण आबा म्हणाले किसी को बताना नहीं, हॉस्पिटलची गाडी येईल आणि आपल्याला घेऊन जाईल. पीछेवाल्या गल्लीतले काका गेले ना, ते आलेच नाहीत वापस. आबांनी माझ्याकडून कसम घेतली." तिला हुंदका आवरेना. "आणि गोलात तर झूठ बोलायचं नसतं! मग मी काय बोलू? म्हणून दगड वाजवला. पण एकदा वाजवलं तर पूछना मना है. म्हणून मी दोनदा वाजवलं. मग तीनदा. मला वाटलं तुम्हाला समजेल. मी सांगितलं तर कसम तुटते, पण तुम्ही विचारलं असतं तर... ताई, आपने पूछा क्यों नहीं?"

जन्मभर विमलताईंनी ज्या प्रश्नांचा राग केला, त्यातला एक साधा प्रश्न या मुलीला हवा होता, आणि त्या रोज "छान" म्हणून पुढे जात होत्या. स्वतःच्या त्या शहाणपणाची त्यांना तिथल्या तिथे किळस आली. पण रडत बसायची ती वेळ नव्हती.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "कसम माझ्यावर. आता खाली ये आणि कडी काढ. आबांना मी बघते."

सदाशिवराव मधल्या खोलीत कॉटवर होते. मिशा गालाला चिकटलेल्या, छाती भात्यासारखी चाललेली. विमलताईंना पाहून त्यांनी डोळे उघडले आणि नातीकडे पाहिलं.

"तिनं नाही सांगितलं," विमलताई घाईनं म्हणाल्या. "मी खोदून खोदून विचारलं."

"गाडी..." ते धापा टाकत म्हणाले. "गाडी नको."

"गाडी मीच बोलावणार आहे, सुभेदारसाहेब. आणि तुम्ही परत येईपर्यंत नात माझ्याकडे राहील. तुम्ही तिला झूठ बोलायला नाही लावलंत, गप्प बसायला लावलंत. गप्प बसायला मीही लावलं. आता दोघांनी मिळून निस्तरू."

त्यांनी वाद घातला नाही. घालायला श्वास नव्हता. गाडी आली, पांढऱ्या झग्यातली माणसं जिना चढली, गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. स्ट्रेचरवरून जाताना सदाशिवरावांनी हात उचलून काहीतरी खूण केली. अवंतिका धावत गेली, पण तिला लांबच थांबवलं. तिनं आपला दगड त्या पांढऱ्या झग्यातल्या माणसाकडे दिला. त्यानं बावचळून विमलताईंकडे पाहिलं, आणि मग तो दगड आबांच्या उशाशी ठेवला.

मुलीच्या नाकात कांडी घालून तपासणी झाली, विमलताईंचीही. निकाल यायला वेळ होता. शेजारी कोणी मुलीला घेईना, आणि विमलताईंना घर बंद. तेव्हा दोघी शाळेत आल्या. किती महिन्यांनी कुलूप निघालं! अंगणात कडुनिंबाच्या पाल्याचा थर साचला होता. मातकामाच्या खोलीत अवंतिकाची गादी, शेजारच्या विणकामाच्या खोलीत विमलताईंची, मधे भिंत. खोलीबाहेर पडायचं नाही, जेवण प्रांजली फाटकाशी ठेवून जाई. सोनिकाचा, म्हणजे अवंतिकाच्या आईचा, हॉस्पिटलमधून फोन आला. ती रडत होती आणि आभार मानत होती, आणि विमलताईंना ते आभार ऐकवत नव्हते. वडील संग्रामसिंह उठून बसू लागले होते. सदाशिवरावांना ऑक्सिजन लावला होता. पुढचं डॉक्टर काही सांगत नव्हते.

त्या रात्रभर विमलताईंना डोळा लागला नाही. गोविंदरावांना खोकला तर लागला नसेल? मुलीला ताप चढला तर? आबा गेले, तर ही पोर जन्मभर म्हणेल की ताईंनी दार उघडायला लावलं. म्हणाली तर म्हणू दे. नसतं उघडलं, तर काय झालं असतं?

सकाळी गोल भरला. विमलताईंनी फोन विणकामाच्या मागाला टेकवला. चेहरा सुजलेला होता, पण कॅमेरा त्यांनी चालू ठेवला.

"गोलात खोटं बोलायचं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून सांगते. मी चुकले. गप्प बसायची मुभा तुम्हाला आहेच, ती कोणी काढून घेणार नाही. पण आजपासून जो दगड वाजवेल, त्याला गोल संपल्यावर मी फोन करणार आणि विचारणार. सांगायचं नसेल तर नका सांगू. पण मी विचारणार."

काळ्या चौकोनांतल्या एकाचा कॅमेरा सुरू झाला, मग आणखी दोघांचा. पाळी फिरत गेली. त्या दिवशी दोन मुलांनी दगड वाजवला, आणि दोघांनाही फोन झाले. एकाला नुसती झोप येत होती. दुसरा बराच वेळ बोलत राहिला.

फोन ठेवून विमलताई पाठ टेकून बसल्या. हॉस्पिटलचा फोन अजून आला नव्हता. प्रत्येक वेळी स्क्रीन उजळली की त्या आधी नंबर बघत.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला. दगड तर आबांच्या उशाशी होता. मुलीनं मातकामाचं काहीतरी घेतलं असावं. भिंतीवर टक् टक् टक्.

विमलताई धडपडत उठल्या आणि भिंतीला कान लावला. "काय झालं? अवंतिका? ताप आलाय का? श्वास लागतोय का गं?"

पलीकडून तो ओळखीचा, थोडा बसलेला आवाज आला.

"कुछ नहीं, ताई. मी फक्त बघत होती, तुम्ही विचारता का."